माय पाठ फिरवते तेव्हा

कुठे बसस्थानकाच्या मागे, कुठे नाल्याकाठच्या काटेरी बाभळीखाली नवजात अर्भक सापडते आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बातमी येते. मथळा बहुधा ठरलेला असतो. गीतरामायणात भरत कैकेयीला जे सुनावतो, तेच शब्द बातमीच्या डोक्यावर बसवलेले असतात. १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवरून ती गीते घरोघर पोचली, तेव्हा त्यातली एक ओळ पुढे वार्ताहरांच्या इतकी कामी येईल असे गदिमांच्या स्वप्नातही आले नसेल. मग चहाच्या टपरीवर बातमी मोठ्याने वाचली जाते आणि कुणीतरी हमखास म्हणतो, "जनावरंसुद्धा असं करत नाहीत हो!"

आज मला या एका वाक्याबद्दलच बोलायचे आहे. जनावरे असे करतात. क्वचित करतात, पण करतात. आणि का करतात ते नीट पाहिले तर टपरीवरचा तो निवाडा आपल्या तोंडून इतक्या सहज निघणार नाही. मी कवी माणूस, कला शाखेचा पदवीधर. प्राणिशास्त्राशी माझा संबंध वाचनापुरता. पण गोठा पाहिला आहे, थोडा इतिहास वाचला आहे आणि या प्रश्नाचा माग काढता काढता आपल्याच खानदेशातून जाणाऱ्या एका जुन्या वाटेवर येऊन पोचलो आहे.

सुरुवात गोठ्यापासून करू. आमच्या मोहल्ल्यात बहुतेक घरी एक-दोन शेळ्या असत. पहिल्या वेताची शेळी व्यायला झाली की दादी तिच्यावर खास नजर ठेवायची. करडू जमिनीवर पडले की पोरासोरांना जवळ फिरकू द्यायची नाही. "पहले उसको चाटने दो," एवढेच तिचे म्हणणे. शेळीने करडू चाटून कोरडे केले की दादीचा जीव भांड्यात पडे. एखादी शेळी मात्र करडाकडे पाठ करून उभी राही, जवळ आले की शिंगाने ढकली. अशा वेळी दादी करडाच्या पाठीवर मीठ चोळायची. मिठाच्या ओढीने शेळी चाटू लागे, आणि चाटता चाटता आई होई. गाई-म्हशी पाळणाऱ्या कुणालाही हा उपाय माहीत आहे. पारडू मेल्यावर पान्हा चोरणाऱ्या म्हशीपुढे त्याच पारड्याचे भुसा भरलेले कातडे उभे करायचे, हाही त्यातलाच प्रकार.

दादीला जे माहीत होते ते १९६०च्या दशकात अमेरिकेत पीटर क्लॉप्फर या अभ्यासकाने शेळ्यांवरच तपासून पाहिले. व्याल्याबरोबर करडू पाच मिनिटे जरी आईजवळ राहिले, तरी नंतर तासा-दोन तासांनी परत आणल्यावर ती त्याला जवळ घेते. ती पहिली पाच मिनिटे मिळाली नाहीत, तर तासाभराने तेच करडू तिला परके होते. ती त्याला लाथ मारते. पुढे मेंढ्यांवर झालेल्या अभ्यासातून यामागचे रसायनही कळले. वीत होताना शरीराला जो ताण बसतो, त्याने ऑक्सिटोसिन नावाचे द्रव्य मेंदूत सुटते आणि काही काळापुरते दार उघडते. त्या वेळात ज्या लेकराचा वास आत गेला, ते आपले. दार मिटल्यावर आलेले, ते दुसऱ्याचे. पान्हा फुटतो तोही याच द्रव्याने. काही गोठ्यांत म्हशीला चोरून टोचतात ते इंजेक्शन याचेच. म्हणजे ज्याला आपण माया म्हणतो, ती आईच्या अंगात आधीपासून भरून ठेवलेली नसते. ती त्या घटकेला जागी व्हावी लागते. अवघड वीत, घाबरवणारी गर्दी, उपाशी अंग, पहिलीच वेळ, यांतले काहीही आड आले तर ती जागी होत नाही.

डुकरिणीच्या बाबतीत हे फार उघड दिसते. पिल्लांना चावणारी, मारणारी डुकरीण बहुधा पहिल्या वेताची असते. पुढच्या वेताला तीच नीट पाजते. सशीण बिळाशी धोका जाणवला तर पिल्ले सोडते, कधी खातेही. चीनमधल्या पांडाला जुळे झाले तर ती बहुधा एकच पिल्लू उचलते आणि दुसऱ्याकडे बघतही नाही, कारण दोघांना पुरेल एवढे दूध तिच्याजवळ नसते. तिथले रखवालदार आता दोन्ही पिल्लांची पाळीपाळीने अदलाबदल करतात. एक आईजवळ, एक दुपट्यात. दोन्ही वाचतात. आई तीच, फक्त तिला कुणीतरी हातभार लावला.

आपल्या समजुती मात्र भलत्याच ठिकाणी दोष ठेवतात. नागीण आपलीच पिल्ले खाते असे आपण म्हणतो. नागाची मादी प्रत्यक्षात अंड्यांजवळ पहारा देत राहते. विंचवाची पिल्ले आईला पोखरून खातात म्हणतात. खरे तर कात टाकेपर्यंत ती तिच्या पाठीवर बसून असतात. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर ही म्हण ज्याने पहिल्यांदा उच्चारली, त्याने नीट पाहिले होते. माणसाचा हात लागला की चिमणी पिल्लू टाकून देते, हाही असाच एक समज. पक्षी पिल्लाला वासावरून नाकारत नाहीत. जुन्नर आणि नाशिककडे ऊसतोडीत बिबट्याचे बछडे सापडतात, तेव्हा वन खात्याची माणसे ती खोक्यात घालून संध्याकाळी त्याच जागी ठेवतात. रात्री मादी येते आणि माणसाचा वास लागलेली पिल्ले तोंडात धरून घेऊन जाते. असे कितीतरी वेळा कॅमेऱ्यात टिपले गेले आहे.

आता वानरांकडे येऊ. बिरबलाची गोष्ट तुम्हाला आठवत असेल. रिकाम्या हौदात माकडीण आणि तिचे पिल्लू सोडतात, पाणी वाढत जाते, आई पिल्लाला डोक्यावर धरते, आणि पाणी नाकाशी आल्यावर त्यालाच पायाखाली घालून उभी राहते. शाळेत ही गोष्ट ऐकून आम्ही हसायचो. आता वाटते, हौदात पाणी सोडणाऱ्या बादशहाला कुणी का विचारत नाही?

हाच प्रश्न वेगळ्या भाषेत धारवाडच्या रानात विचारला गेला. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला युकिमारू सुगियामा हे जपानी अभ्यासक तिथल्या काळतोंड्या वानरांच्या टोळ्या पाहत होते. १९६२ मध्ये एका टोळीवर बाहेरच्या सात नरांनी हल्ला केला आणि जुन्या म्होरक्याला पळवून लावले. त्यांतला एक तिथे टिकला. त्याने टोळीतली पिल्ले एकामागून एक चावून मारली. आया आधी आडव्या आल्या. पुढे काहींनी जखमी पिल्लांचा नाद सोडला. त्या काळच्या विद्वानांनी हे वागणे विकृत ठरवले. १९७१ मध्ये सारा हर्डी नावाची हार्वर्डची विद्यार्थिनी राजस्थानात अबूच्या डोंगरावर आली, तीही गर्दीमुळे वानरे बिघडतात की काय हे पाहायला. तिला दिसले ते निराळे. पिल्ले मारणारा नर बहुतेक वेळा बाहेरून नवा आलेला असे. अंगावरचे पिल्लू गेल्यावर मादी लवकर माजावर येते, आणि पुढचे पिल्लू त्याचे असते. सततच्या हल्ल्यांपुढे तिच्याजवळ उरलेली निवड अशी: हे पिल्लू जाणारच आहे, आपण जगलो तर पुढचे जगेल. १९७७ च्या तिच्या पुस्तकाने खूप वाद झाला. माझ्या लक्षात मात्र त्यातली एक म्हातारी वानरी राहिली. हर्डीने तिचे नाव सोल ठेवले होते. तिला स्वतःला आता पिल्लू होत नव्हते, टोळीत मान नव्हता, पण दुसरीच्या पिल्लावर नर धावून आला की दात विचकून त्याच्या अंगावर जाणारी तीच. माय मरो पण मावशी उरो, ही म्हण वानरांनाही लागू दिसते.

हर्डीने पुढची वीस-पंचवीस वर्षे आयांचाच अभ्यास केला आणि १९९९ मध्ये त्यावर मोठा ग्रंथ लिहिला. दक्षिण अमेरिकेत टॅमरिन नावाची चिमुकली माकडे आहेत. तिथे पिल्लांना बाप आणि मोठी भावंडे पाठीवर वागवतात. ज्या मादीला असे मदतनीस नसतात, ती पिल्ले टाकून देण्याचे प्रमाण कितीतरी वाढते. हर्डीचे म्हणणे असे, की माणसाची आईही याच जातीची आहे. एकटीने पोर वाढवण्यासाठी ती घडलेलीच नाही. मला हे वाचताना आमच्या मोहल्ल्यातल्या बाळंतिणी आठवल्या; घरात पाच बायका असत, पोर कुणाच्या कडेवर आहे हे आईला संध्याकाळपर्यंत ठाऊक नसे.

आता ती जुनी वाट. सुरतेहून आग्र्याला जाणारा मुघलांच्या वेळचा एक रस्ता नवापूर, नंदुरबार, चोपडा करत बऱ्हाणपूरला पोचत असे. बऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात आहे, पण ती फारुकी सुलतानांची राजधानी आणि नंतर खानदेश सुभ्याचे मुख्य शहर. नोव्हेंबर १६३० मध्ये पीटर मंडी नावाचा इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीच्या कामावर या रस्त्याने निघाला. पाऊस पडला नव्हता. गुजरात आणि दख्खन दोन्ही जळत होते. देहूत तुकारामांची पहिली बायको याच दुष्काळात अन्नावाचून गेली. मंडीने रोजनिशी ठेवली आहे. नंदुरबारला पोचल्यावर तंबू ठोकायला मोकळी जागा मिळेना, इतकी प्रेते पडली होती, असे तो लिहितो. आणि त्याने आणखी एक गोष्ट लिहून ठेवली आहे: लोक पोटची मुले काही पेन्सना विकत होते. विकली गेली नाहीत तर नेईल त्याला फुकट देत होते, आणि वर घेणाऱ्याचे आभार मानत होते. पोर पुन्हा कधी दिसणार नाही हे त्यांना माहीत होते. पण ते जगेल.

हा मजकूर मी पहिल्यांदा वाचला तेव्हा 'आभार' या शब्दावर अडकलो. नंदुरबार हे काही मला पुस्तकातले गाव नाही. तिथे माझे नातेवाईक आहेत. धुळ्याहून तिकडे जाताना तो रस्ता मी कितीदा ओलांडला असेन. त्या रस्त्याकडेला एक माय उभी आहे. तिचे दूध आटले आहे. तांड्यातल्या अनोळखी माणसाच्या हातात ती लेकरू देते आणि त्याला दुवा देते. तिने लेकरू टाकले की वाचवले? टपरीवरच्या माणसाने याचे उत्तर द्यावे.

त्याच वेळी वाटेच्या दुसऱ्या टोकाला, बऱ्हाणपुरात, खुद्द शहाजहान तळ ठोकून होता. अब्दुल हमीद लाहोरी हा त्याचा दरबारी इतिहासकार. फारसी दरबारी गद्याला अलंकारांचा सोस असतो हे धरून चालू; पण धन्याच्या राज्याची बदनामी करण्याचा सोस त्याला नक्कीच नसतो. तोच लाहोरी लिहितो की माणसे माणसांना खाऊ लागली आणि पोटच्या पोराच्या मायेपेक्षा त्याचे मांस मोलाचे झाले. बादशहाने बऱ्हाणपूर, अहमदाबाद आणि सुरतेत लंगर उघडले. बऱ्हाणपुरात दर सोमवारी पाच हजार रुपये वाटण्याचा हुकूम झाला. वीस सोमवारांत एक लाख रुपये वाटले गेले. सुमारे सत्तर लाखांचा सारा माफ झाला. एवढ्या दुष्काळापुढे हे थोडेच होते. आणि १७ जून १६३१ रोजी त्याच बऱ्हाणपुरात मुमताज महल चौदाव्या बाळंतपणात वारली. तिच्या चौदांपैकी सातच मुले जगली. तापीपलीकडच्या झैनाबादच्या बागेत तिला आधी दफन केले, काही महिन्यांनी आग्र्याला नेले. पुढचे सगळ्या जगाला माहीत आहे. नंदुरबारच्या रस्त्यावरच्या त्या मायचे पुढे काय झाले, हे मंडीनेही लिहिलेले नाही. तो पुढे निघून गेला.

भूक माणसाच्या मायेलाही वाकवते, हे आपल्या धर्मग्रंथांना चांगले ठाऊक होते. कुराणात गरिबीपायी पोटची मुले मारू नका अशी आज्ञा दोन ठिकाणी आहे. आज्ञा देताना कारणही सांगितले आहे, हे मला महत्त्वाचे वाटते. दोष आईच्या काळजाचा नाही, भीती उपासमारीची आहे. मुसा पैगंबरांची कथाही तीच सांगते. फिरौनचे शिपाई बनी इस्राईलचे मुलगे शोधून मारत होते, म्हणून आईने तान्ह्या मुसाला पेटीत घालून नदीत सोडले. बहीण काठाकाठाने चालत राहिली. पेटी फिरौनच्याच वाड्यात पोचली, बाळ कुठल्याही दाईचे दूध पिईना, आणि शेवटी बहिणीच्या युक्तीने खरी आईच दाई म्हणून बोलावली गेली. कुंतीने कर्णाला सोडले ते भुकेपायी नाही, लोकलाजेपायी. पण पेटी तीच आणि नदीही. मुसाची आई पुण्यवान ठरली आणि कुंतीला जन्मभर तोंड लपवावे लागले. एकीमागे बहीण होती. दुसरीमागे कुणी नव्हते.

लोकलाज हे जनावरात नसलेले कारण. म्हणून शेळी आणि बाई एकच, असे मी म्हणणार नाही. बाईवर हल्ला करायला सात नर यावे लागत नाहीत, गाव पुरेसे असते. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला स्वतःचे नवजात मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. अपिलात ती जन्मठेपेवर आली आणि नंतर आणखी कमी होऊन पाच वर्षांवर. वर्तमानपत्रांनी या निमित्ताने बायकांच्या नीतीवर जे काही लिहिले ते वाचून बुलढाण्याची एक बाई उसळली. भुसावळ सोडून मलकापूर आले की बुलढाणा जिल्हा, म्हणजे आपल्या शेजारचाच. ताराबाई शिंदे यांचे 'स्त्री-पुरुष तुलना' १८८२ मध्ये पुण्यात छापून निघाले. विधवेला पुन्हा लग्न करू द्यायचे नाही, तिला नादी लावणाऱ्याने नामानिराळे राहायचे आणि फाशी मात्र तिला, हा कुठला न्याय, असे त्यांचे विचारणे. बाईच्या पोटी ते मूल आले कुठून, हा प्रश्न त्या काळी छापून विचारायला छाती लागत होती. त्यानंतर ताराबाईंनी दुसरे पुस्तक लिहिल्याचे दिसत नाही.

त्यांच्याआधी एकोणीस वर्षे पुण्यात हाच प्रश्न कृतीने सोडवायला दोन माणसे बसली होती. काशीबाई नावाची ब्राह्मण विधवा जोतीराव फुल्यांच्या एका मित्राच्या घरी कामाला होती. तिने मूल मारून विहिरीत टाकले आणि तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी स्वतःच्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. विधवांनी इथे गुपचूप येऊन बाळंत व्हावे, अशा जाहिराती शहरात लावल्या. त्यांनी कुणाला उपदेश केल्याचे वाचनात नाही. खोली दिली, दाई दिली, कुणाला कळणार नाही याची हमी दिली. १८८४ मध्ये जोतीरावांनी लिहिले, की तोवर पस्तीस विधवा तिथे येऊन बाळंत झाल्या. त्यांच्या मुलांपैकी पाचच जगली. बाकीची, गर्भ लपवण्यासाठी आयांनी आधी घेतलेल्या विषारी औषधांनी गेली. जोतीरावांनी हा आकडा लपवला नाही. मदत उशिरा पोचली तर काय होते, ते त्या तिसांवरून कळते. पंढरपुरातही एकोणिसाव्या शतकातच असे घर उभे राहिले.

पुण्यातल्या त्या घरात एका विधवेला झालेला मुलगा फुले दांपत्याने १८७४ मध्ये दत्तक घेतला. त्याचे नाव यशवंत. तो शिकून डॉक्टर झाला. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग आला, तेव्हा सावित्रीबाईंनी त्याला बोलावून गावाबाहेर दवाखाना सुरू केला. त्या स्वतः रोगी आणून तिथे पोचवत. त्यातच त्यांना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. यशवंत त्या वेळी त्याच दवाखान्यात रोग्यांवर उपचार करत होता.